वर्षाची बेगमी आणि महिन्याचा पगार

चैत्र-वैशाखात आपली ही व्याख्यानमाला भरते, आणि याच दिवसांत घरोघर वर्षाचे धान्य भरण्याची गडबड चालू असते. आज इकडे येताना वाटेवरच्या दोन गच्च्यांवर मी गहू वाळत घातलेले पाहिले. तिसऱ्या गच्चीवर कुरडयांची राखण करीत एक मुलगा छत्री उघडून बसला होता. तेव्हा व्याख्यानाचा विषय शोधण्यास मला फार लांब जावे लागले नाही. परंतु विषय ऐकून एका सद्गृहस्थांनी मला विचारले, "तुम्ही कामगार चळवळीतली माणसे. बायकांच्या डब्याबरण्यांशी तुमचा काय संबंध?" तो संबंध सांगण्यासाठीच मी उभा आहे. मी इतिहासाचा पदवीधर नाही. शाळा नववीत सुटली, आणि पुढचे वाचन युनियनच्या कचेरीतील कपाटातून व सार्वजनिक वाचनालयातून झाले. त्यामुळे माझ्या मांडणीत पंडिती शिस्त सापडणार नाही. पण भाव चढण्याआधी धान्य घेऊन ठेवणे कोणाला जमले, कोणाला जमले नाही, आणि ज्यांना जमले नाही त्यांनी त्यावर कोणते उपाय केले, हा इतिहास मी थोडा वाचला आहे व थोडा अंगावर काढला आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. बेगमी हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. गम म्हणजे दुःख, चिंता. ज्याला गम नाही तो बेगम, आणि त्याची ती निश्चिंत अवस्था म्हणजे बेगमी. आपल्या लोकांनी ही निश्चिंतता थेट धान्याच्या कोठीत नेऊन ठेवली, यात त्यांचा अनुभव दिसतो. घरात वर्षाचे दाणे असले की माणूस बाजाराकडे पाठ करून झोपू शकतो.

आता हे दाणे चैत्रातच का भरावयाचे? तूर, हरभरा, ज्वारी, गहू ही पिके माघापासून चैत्रापर्यंत खळ्यावर येतात. मिरची, हळद, चिंच हीही त्याच सुमारास. शेतकऱ्याच्या मागे कर्जाचा हप्ता, लग्नकार्य आणि पुढच्या पेरणीची तरतूद लागलेली असते. त्याला विकण्याची घाई, म्हणून भाव खाली. श्रावण-भाद्रपदात नवे पीक शेतात उभे असते, जुने संपत आलेले असते, आणि भाव चढलेले असतात. म्हणजे शहाण्या गृहिणीला चैत्रात जी स्वस्ताई मिळते, तिच्यात शेतकऱ्याच्या अडचणीचाही वाटा असतो. ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. शिवाय ही बचत फुकट पदरात पडत नाही. गहू पाखडणे, निवडणे, उन्हे देणे, कडुलिंबाचा पाला घालून डबे भरणे, डाळींना एरंडेलाचा हात लावणे, पावसाळ्यात मधून मधून उघडून किडीचा वास घेणे, ही सारी बिनपगारी मेहनत घरच्या बायकांची. या मेहनतीचा तास कोणी मोजला नाही, आणि आमच्या युनियननेही तो कधी मागणीपत्रात घातला नाही, हे येथे कबूल करतो.

जुन्या वाड्यांतून बळदे असत. भिंतीतच बांधलेली धान्याची कोठी, वरून भरावयाची आणि खालच्या भोकाचा बोळा काढून लागेल तेवढे दाणे घ्यावयाचे. बेताच्या घरी शेणामातीने लिंपलेली कणगी असे. आणि मोठा साठा जमिनीखाली, पेवात. अरुंद तोंडाचा व मोठ्या पोटाचा हा खड्डा कडब्याने, भुसाने आतून अस्तरून त्यात जोंधळा ओतीत आणि तोंडावर दगड ठेवून वर मातीने लिंपीत. हवा आत जात नसल्यामुळे किडा जगत नसे, आणि दाणे कित्येक वर्षे टिकत. मात्र त्याच कारणाने पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे. आधी वेळ जाऊ देत, मग दिवा आत सोडून तो विझतो का हे पाहत, कारण पेवात गुदमरून माणसे मेलेली होती. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवे अगदी आपल्या काळापर्यंत चालू होती. २००५ च्या महापुराने त्यांतली पुष्कळ निकामी केली. पेव गेले तरी 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार आपल्या बोलण्यात राहिला आहे.

वाडा ज्याचा त्याचे बळद. ज्याच्याकडे जमीन नाही त्याचे काय? गावगाड्यातील सुतार, लोहार, कुंभार, चांभार, महार यांना रोख पगार नव्हता. सुगीच्या वेळी खळ्यावर बलुते मिळे, तेही धान्यात. याचा एक परिणाम आमच्या अर्थशास्त्राच्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखा आहे. बाजारात ज्वारी दुप्पट महाग झाली तरी सुताराच्या वाट्याच्या पेंढ्या तेवढ्याच राहत. त्याची मजुरी धान्यातच असल्यामुळे तिच्यापुरती महागाई त्याला शिवत नसे. पण या व्यवस्थेचे गोडवे गाण्यास मी तयार नाही. त्या धान्याबरोबर पिढीजात चाकरी आणि अपमान येत असे, आणि सर्वांत खालच्या माणसाला तर खळ्यावर हात पसरून उभे राहावे लागे. महार वतनाविरुद्ध डॉ. आंबेडकर इतकी वर्षे झगडले ते उगाच नव्हे. मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली हे चांगलेच झाले. फक्त एवढे ध्यानात ठेवावयाचे की जो गाव सोडून रोख पगाराकडे गेला त्याने मोकळेपणा मिळवला आणि त्याच दिवशी तो बाजारभावाच्या तावडीत सापडला.

हा भाव म्हणजे काय चीज आहे ते दख्खनने १८७६-७८ च्या दुष्काळात पाहिले. तोपर्यंत आगगाडी पुण्याला १८५८ मध्ये व सोलापूरला १८६० मध्ये आलेली होती. आगगाडीने दुष्काळी भागात धान्य आणता येते हे खरे, पण ती परतीच्या वाटेवर रिकामी जात नाही. जेथे भाव जास्त तेथे धान्य धावते, आणि भाव भुकेवर ठरत नसून खिशातल्या पैशावर ठरतो. त्या दुष्काळाच्या काळातही हिंदुस्थानातून विलायतेला गहू जात होता. सरकारने दुष्काळी कामे काढली. लॉर्ड लिटन यांनी खास अधिकारी म्हणून पाठविलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या जानेवारीत असा दर ठरविला की पुरुषाला दिवसभर खडी फोडण्याबद्दल एक रतल धान्याची किंमत आणि वर एक आणा. रतल म्हणजे आपल्या हिशेबाने साडेचारशे ग्रॅम. एवढ्यावर दगड फोडून पाहावेत!

यावर जे घडले ते आमच्या चळवळीच्या इतिहासात पहिल्या पानावर असावयास पाहिजे, आणि बहुतेक ठिकाणी ते तळटीपेतसुद्धा नसते. मुंबई इलाख्यातील दुष्काळी कामांवरून हजारो मजूर शांतपणे चालते झाले. पुण्याची सार्वजनिक सभा, गणेश वासुदेव जोशी म्हणजे आपले सार्वजनिक काका, आणि त्यांच्या पाठीशी न्यायमूर्ती रानडे यांनी या मजुरांची बाजू उचलली. सभेने गावोगावच्या दुष्काळाच्या हकिकती जमवून सरकारपुढे ठेवल्या. ज्या रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेच हे रानडे, हे या व्यासपीठावरून सांगताना मला विशेष वाटते. युनियन नाही, वर्गणी नाही, झेंडा नाही, आणि तरीही हा संप झाला, तोही पोटभर दाण्यासाठी.

आता मी मुंबईकडे वळतो, कारण दुष्काळाने सोडविलेली माणसे तिकडेच गेली. कावसजी दावर यांनी १८५४ साली गिरणीची कंपनी काढली, आणि पुढे कोकण-घाटावरच्या माणसांनी परळ-लालबाग भरून गेले. या माणसाचे बेगमीच्या बाबतीत तीन ठिकाणी अडत असे.

एक तर जागा. दहा बाय बाराच्या खोलीत एक कुटुंब, कित्येकदा दोन, शिवाय पाळीवर झोपणारे गाववाले. तेथे कणगी ठेवावयाची कोठे? घासलेटचा रिकामा डबा हीच कामगाराची कोठी, आणि तीही महिनाअखेर वाजत असे.

दुसरे, पगाराची तारीख. १९३६ चा वेतन अदायगीचा कायदा येईपर्यंत मुंबईच्या गिरण्यांत एका महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या दहा-पंधरा तारखेला होई. म्हणजे नवा माणूस कामाला लागल्यापासून जवळजवळ दीड महिना त्याच्या हातात दमडी पडत नसे. तोपर्यंत खायचे कोठून? खाणावळवालीकडे किंवा वाण्याकडे उधारीवर. अशा रीतीने मुंबईतला संसारच मुळी उधारीच्या वहीवर सुरू होई. ज्याचे पुस्तक वाण्याकडे आहे त्याला दुकान बदलता येत नाही, घासाघीस करता येत नाही, आणि खड्याबद्दल तक्रारही करता येत नाही. रोकडीचे गिऱ्हाईक भाव करते, उधारीचे गिऱ्हाईक भाव ऐकते.

तिसरे कारण या दोहोंतून निघते, ते म्हणजे कर्ज. मुंबई सरकारच्या मजूर कचेरीने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास हे त्या कचेरीचे प्रमुख. १९२३ मध्ये अहवाल निघाला. खर्चातला निम्म्याहून अधिक वाटा केवळ अन्नावर जात होता, शंभरातील ४७ कुटुंबे कर्जात होती, आणि व्याजाचा नेहमीचा दर रुपयाला महिना एक आणा, म्हणजे सालीना शेकडा ७५! याच अहवालाने आणखी एक तुलना केली होती. कामगाराच्या पोटात जाणारे धान्य दुष्काळी नियमावलीत सांगितलेल्या कमाल प्रमाणाएवढे भरत होते, पण मुंबईच्या तुरुंगातील कैद्याला नियमाने मिळणाऱ्या शिध्याहून ते कमी होते. हे कोणा जहाल पुढाऱ्याचे भाषण नव्हे, सरकारी अहवाल आहे. शेकडा ७५ व्याज देणाऱ्या माणसाला चैत्रात गहू भरला तर चार पैसे वाचतील असे सांगणे ही थट्टा झाली. गव्हाचा भाव वर्षात कितीही चढला तरी तेवढ्या दराने तो क्वचितच चढतो.

मग कामगार काय करीत असे? कोकणातला असेल तर त्याचे बळद गावाला होते. बायको-मुले गावी, घरचा भात खाऊन राहत. हा मनिऑर्डर पाठवी आणि मे महिन्यात जाऊन येताना तांदळाची गोणी, कुळीथ, आमसुले घेऊन येई. गिरणी मालक कुरकुरत की हा माणूस पक्का शहरी होत नाही, सारखा गावाला पळतो. पण ती गोणी होती म्हणून तर त्यांना तेवढ्या पगारात माणूस मिळत होता.

पहिल्या महायुद्धात भाव वाढत गेले, आणि १९१४ च्या मानाने १९२० पर्यंत कामगाराचा जीवनखर्च जवळजवळ दुप्पट झाला. गिरण्यांना नफा मुबलक होता. काही गिरण्यांनी स्वस्त धान्याची दुकाने काढली. कामगारांना दुकान नको होते असे नाही, पण दुकान देऊन पगारवाढ टाळावयाची ही युक्ती त्यांना कळत होती. १९१९ च्या जानेवारीत लाखाहून अधिक कामगार संपावर गेले. पुढच्या वर्षी पुन्हा संप झाला, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरअखेर मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी पुन्हा तेच. १९४० च्या मार्चमध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी महागाई भत्त्यासाठी सुमारे चाळीस दिवस संप केला.

महागाई भत्ता आज इतका अंगवळणी पडला आहे की त्यामागची कल्पना कोणाच्या लक्षात येत नाही. ज्याला दाणे साठवता येत नाहीत त्याच्या मजुरीलाच दाण्याच्या भावाशी बांधून टाकावे, हा तो उपाय. बलुत्यात जे होते ते जातीची चाकरी वगळून कागदावर परत मिळवलेले आहे असे मी म्हणेन. त्यात उणीव एकच, पण मोठी आहे. गृहिणी भावाच्या पुढे चालते, भत्ता भावाच्या मागून येतो. आधी महाग घ्यावयाचे, मग सरकारने आकडा काढावयाचा, मग तो पगारात यावयाचा. आज किमान वेतनावरील माणसाचा विशेष भत्ता आपल्या राज्यात सहा महिन्यांनी ठरतो. आणि आकडा काढताना भाव कोणत्या दुकानात विचारला, कोणत्या जिनसांचा विचारला, यावर सारे अवलंबून! मुंबईत १९६३ साली या निर्देशांकातील चुकांवरून कामगार रस्त्यावर आले, सरकारला प्रा. लकडावाला यांची समिती नेमावी लागली, आणि निर्देशांक दुरुस्त करावा लागला. अर्थशास्त्राच्या एका कोष्टकासाठी शहर बंद पडल्याचे उदाहरण मला तरी दुसरे ठाऊक नाही.

दुसरा उपाय रेशनचा. मुंबईत २ मे १९४३ रोजी रेशनिंग सुरू झाले. श्रीमंताला नि गरिबाला माणशी सारखे दाणे, ही कल्पना आपल्या समाजात किती नवी होती याचा विचार करा. त्याच वर्षी बंगालात काय चालले होते ते यासोबत पाहिले पाहिजे, कारण तेथे आमच्यासारख्यांना थोडी शरम वाटण्यासारखी गोष्ट आहे. युद्धाचे कारखाने चालू राहावेत म्हणून कलकत्त्याच्या मोठ्या कंपन्यांनी व सरकारने आपापल्या नोकरवर्गासाठी तांदूळ साठवला. खेड्यांतून तो कोणत्याही भावाने उचलला गेला. कारखान्यातला संघटित कामगार त्यामुळे वाचला, आणि खेड्यातला शेतमजूर, कोळी, नावाडी मेला. बंगाल सरकारचे मंत्री म्हणत होते की धान्य भरपूर आहे, फक्त लोकांनी दडवले आहे. जूनमध्ये घरोघर झडत्या झाल्या, पण लोकांची भूक भागेल एवढे दडवलेले धान्य काही निघाले नाही. कलकत्त्याला रेशनिंग यावयास १९४४ चा जानेवारी उजाडला. मेलेल्यांचा सरकारी चौकशी आयोगाचा अंदाज १५ लाखांचा होता, नंतरच्या अभ्यासकांनी तो आकडा पुष्कळ वर नेला. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात हे सगळे उलगडून दाखविले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की धान्य आहे किंवा नाही यापेक्षा ते घेण्याची ऐपत कोणाची उरली हे पाहावे.

म्हणून साठवण आणि साठेबाजी यांच्यामध्ये रेघ ओढताना मी जपून बोलतो. घरात वर्षाचा गहू ठेवणारी बाई साठेबाज नव्हे. पण सगळ्यांनी एकाच आठवड्यात वर्षाचे भरायचे ठरविले, तर ज्याला आठवड्याचेच घेता येते त्याच्या वाट्याला रिकामे दुकान येते. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात हे दिसले. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आली, आणि ती खाल्लेली माणसे अजून तिची चव काढतात. त्या साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आणल्या. बायकांनी दुकानांत शिरून दडवलेला माल उघड करावयास लावला. लाटणे हे हत्यार निवडण्यात नुसती गंमत नव्हती.

१९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, त्याचाही उल्लेख येथेच केला पाहिजे. या बायका वीस-वीस माणसांचे जेवण रांधत आणि स्वतः वाण्याच्या उधारीत गळ्यापर्यंत बुडालेल्या असत. मंडळाने त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्याबरोबर त्या रोखीने, घाऊक माल घेऊ लागल्या, म्हणजे बेगमी करू लागल्या. बुद्धी आणि काटकसर त्यांच्यापाशी आधीपासूनच होती. हातात एकदम पडणारी रक्कम तेवढी नव्हती.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. वडील मागावर होते. अडीच लाख कामगारांचा तो संप, त्याचे राजकारण आपण सर्व जाणता. मी फक्त आमच्या घरातला डबा सांगतो. गावची तांदळाची गोणी होळीपर्यंत पुरली. पुढे वाण्याचे पुस्तक. आई तेल आधी किलोने आणीत असे, मग पाव किलो, मग शंभर ग्रॅम, आणि पावसाळ्यात मला बाटली देऊन बोटाने खूण दाखवी, "एवढंच आण." जितके थोडे घ्यावे तितका दर चढा पडतो, हे गणित मी शाळेत शिकलो नाही, त्या बाटलीच्या खुणेवर शिकलो. आमच्या वाण्याने दिवाळीपर्यंत पुस्तक चालू ठेवले. मग एक दिवस त्याने वही मिटली. तो दुष्ट माणूस नव्हता. त्याचे पुस्तक घाऊक व्यापाऱ्याकडे होते आणि ते आधीच मिटलेले होते. आई काही बोलली नाही. रिकामे डबे घासून तिने उन्हात उपडे घातले, जणू उद्याच भरायचे आहेत. पुढच्या वर्षी आम्ही गावाला गेलो. तेथे निदान भात होता.

आता अलीकडचे. २०२० साली पाडवा २५ मार्चला होता. आदल्या दिवशी रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली. त्या तासाभरात आपल्या गावात किराणा दुकानांपुढे काय गर्दी झाली ते आपण पाहिलेच. मीही तिच्यात होतो. दहा किलो तांदूळ, पाच किलो आटा आणि दोन किलो तूरडाळ घेऊन मी घरी आलो, आणि घाम पुसतो तोच फोन वाजला. औद्योगिक वसाहतीतला एक कंत्राटी कामगार बोलत होता. मार्चचा पगार एप्रिलच्या दहा तारखेचा. खिशात चाळीस रुपये. रेशनकार्ड लातूरकडे गावी, म्हणून इथल्या दुकानात नाव नाही. तो म्हणाला, "दादा, दुकान उघडं आहे, पण मी जाऊन करू काय?" माझ्यासमोर पिशव्या तशाच पडल्या होत्या. मी त्याला दुसऱ्या दिवशी बोलावले आणि त्यातले निम्मे दिले, पण असे फोन त्या रात्री अकरा आले आणि माझ्या पिशव्या तीनच होत्या. टाळेबंदीच्या काळातले वेतन द्यावे असा हुकूम केंद्र सरकारने २९ मार्चला काढला आणि मे महिन्यात मागे घेतला. माणशी पाच किलो मोफत धान्य आले, पण पुष्कळांना ते कार्ड जेथले तेथेच मिळत होते. पुष्कळजण चालत निघाले ते याच कारणाने. त्यांचे बळदही गावाला होते.

त्यानंतर आम्ही युनियनमध्ये एक खटपट सुरू केली. भाद्रपदापासून दरमहा दोनशे रुपये बाजूला काढावयाचे आणि फाल्गुनात मार्केट यार्डातून सर्वांचा गहू-ज्वारी एकदम आणावयाची. पहिल्या वर्षी, २०२२ मध्ये, चौतीस कुटुंबे होती. गहू उत्तम मिळाला, दर चांगला पडला, आणि आम्ही तो मोठ्या ऐटीत कचेरीच्या मागच्या खोलीत ठेवला. खोलीचा पत्रा गळका निघाला. ज्येष्ठात पोत्यांना सोंडे लागले, आणि सभासदांनी मला सर्वसाधारण सभेत जे ऐकवले ते मी येथे सांगत नाही. कर्ज, भत्ता, निर्देशांक यांवर तास तास बोलणाऱ्या माणसाला कडुलिंबाचा पाला आठवला नव्हता! एका कामगाराच्या आईने ती चूक दाखवून दिली. आता धान्य आले की त्याच दिवशी घरोघर वाटतो, आणि पाला, उन्हे, डबे हे सर्व त्या मावशींच्या देखरेखीखाली होते. ज्यांच्या खोलीत जागाच नाही त्यांच्या पोत्यांचे अजून कोडे आहे. एकाने पोती भिंतीशी रचून त्यावर फळी टाकली आहे, आणि त्याची मुलगी त्यावर बसून अभ्यास करते.

यंदाचा गहू परवा रविवारी सकाळी येणार आहे. पोती उतरवून घेण्यास माणसे कमी पडतात. आपल्यापैकी ज्यांना सवड असेल त्यांनी सातच्या सुमारास कचेरीपाशी यावे.